मेनूकार्डावरची अवसरी

"बाई, तुमी इंग्रजी शिकवता ना? मग मला माझंच अक्षर वाचून दाखवा."

शाळेच्या व्हरांड्यात रंगाचा डबा खाली ठेवून एक साठीकडे झुकलेला माणूस माझ्यासमोर उभा होता. मी तेव्हा नारायणगावच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी वर्गांच्या पाट्या रंगवून घ्यायचं काम निघालं होतं, आणि त्यासाठी किसन साळवे यांना बोलावलं होतं. गावात त्यांना साळवे पेंटर म्हणत, आणि जवळचे आण्णा. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, टोमॅटोच्या क्रेटवर शेतकऱ्यांचे मार्के, ही सगळी कामं त्यांच्याकडे. बाजारात हजार क्रेटच्या ढिगातून आपलं क्रेट ओळखू यावं म्हणून प्रत्येकाचा एक मार्का असतो. आण्णांनी काढलेला मार्का लांबून, धुळीतूनही दिसायचा.

मला त्यांचं बोलणं नीट कळलं नाही. ज्या माणसाने आत्ताच 'सायन्स लॅबोरेटरी' अशी सुबक इंग्रजी पाटी रंगवली, तो मला अक्षर वाचून दाखवा म्हणतोय?

"तुम्हाला वाचता येत नाही?"

"मराठी येतं, तिसरीपातुर. इंग्रजी काढता येतं. वाचता न्हाई." ते सहज म्हणाले. "अक्षर म्हंजी चित्रच की बाई. समोरचं बघून काढायचं."

पुढच्या रविवारी ते माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. येताना पावलं वाजली नाहीत. मी खिडकीत वह्या तपासत होते, आणि मान वर केली तर आण्णा दारात. अंगात पांढरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. मे महिन्याच्या उकाड्यातही त्यांचं वरचं बटण कधी उघडं दिसलं नाही. मी दचकले तेव्हा म्हणाले, "माफ करा. सवय हाय. वेटरचा पाय वाजला की सूप गार व्हतं, असं आमचे बटलर म्हणायचे."

त्यांच्या हातात पंचात गुंडाळलेला एक गठ्ठा होता. पंचा सोडला तर आतून कडुनिंबाच्या सुक्या पाल्याचा वास आला. जाडसर, पिवळट पडलेली कार्डं होती, शाळेच्या प्रगतिपुस्तकाएवढी. वरच्या कोपऱ्यात नेच्याच्या पानाचा छाप. वरच्या अर्ध्या भागात जलरंगातलं चित्र, काळ्या शाईच्या बारीक रेषांनी बांधलेलं. खालच्या अर्ध्या भागात वळणदार इंग्रजीत पाच-सहा ओळी. मी पहिलं कार्ड उचललं. चित्रात एक म्हातारा न्हावी लिंबाखाली बसल्या बसल्या झोपला होता, आणि ज्याची अर्धी दाढी झाली होती ते गिऱ्हाईक त्याला उठवावं की नाही या विचारात समोर बसलं होतं. त्याच्याखाली लिहिलं होतं: मलिगटॉनी सूप, तळलेला मासा, बटाट्यासह भाजलेलं मटण, कॅरमेल कस्टर्ड.

मला हसूच आलं. "आण्णा, हे काय आहे?"

"जेवणाचं कार्ड," ते म्हणाले. "मेनू."

आणि मग त्यांनी सांगितलं.

आण्णा मूळचे अवसरी बुद्रुकचे. विशी गाठायच्या आत ते महाबळेश्वरला एका हॉटेलात कामाला गेले. आधी भांडी, मग टेबलं पुसणं, मग वेटर. हॉटेल एका पारशी बाईंचं होतं. आण्णा त्यांना बाईसाब म्हणत. मुंबईचे शेठ, निवृत्त साहेब, नवी लग्न झालेली श्रीमंत जोडपी अशी मंडळी उतरायला यायची. रात्रीच्या जेवणाचा मेनू रोज बदलायचा आणि तो एका चित्रांच्या कार्डावर लिहून डायनिंग हॉलच्या दारात स्टँडवर लावायची तिथली जुनी रीत होती. हे कार्ड काढणारी एक अँग्लो-इंडियन बाई लग्न करून निघून गेली. दोन दिवस स्टँड रिकामा राहिला. तिसऱ्या दिवशी आण्णांनी पँट्रीत बसून, जुनं कार्ड समोर ठेवून, तसंच दुसरं काढून बाईसाबांना नेऊन दाखवलं. अक्षर हुबेहूब होतं, फक्त मेनू परवाचाच होता.

"बाईसाब इतक्या हसल्या, इतक्या हसल्या. म्हणाल्या, किसन, आज कोंबडी हाय आणि तू मासा लिव्हलायस. मला काय ठावं?" हे सांगताना आण्णा स्वतःही हसत.

तेव्हापासून बाईसाब रोज दुपारी एका चिठ्ठीवर मेनू लिहून द्यायच्या. आण्णा ती चिठ्ठी समोर ठेवून अक्षरं चितारायचे. चित्राबद्दल बाईसाबांची एकच अट होती. जेवणाचं चित्र काढायचं नाही. जे ताटात येणारच आहे ते कागदावर कशाला? बाकी काहीही काढ. पहिल्या वर्षी आण्णांनी डोंगर काढले, धुकं काढलं, घोडे काढले. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे तर पाहुण्यांना खिडकीतूनच दिसतं. पावसाळ्यात महाबळेश्वर बंद. जूनमध्ये सगळा नोकरवर्ग आपापल्या गावी जायचा. आण्णा अवसरीला यायचे.

"चार महिने बघायचं, आठ महिने काढायचं," ते म्हणाले. "असं तीस वरसं."

तर त्या कार्डांवर अवसरी होती. कांद्याची वखार होती, बैलगाडा शर्यतीच्या घाटातली धूळ होती, तांबोळ्याचं दुकान, हळदीत माखून रडणारा नवरदेव, शेळी घेऊन बाजारला निघालेली म्हातारी आणि म्हातारीला ओढत नेणारी शेळी. पाहुण्यांना ही चित्रं फार आवडायची. ही माणसं खरीच कुठेतरी असतील, असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल का, कोण जाणे. जेवणं उरकली की कार्डाचं काम संपायचं. काही पाहुणे आठवण म्हणून मागून न्यायचे. उरलेल्यांतली मनासारखी उतरलेली आण्णा ट्रंकेत ठेवायचे. पुढे बाईसाब वारल्या, हॉटेल विकलं गेलं, आणि आण्णा ती ट्रंक घेऊन नारायणगावला आले, पाट्या रंगवायचं दुकान टाकलं.

"पण मग मी काय वाचून दाखवू? तुम्ही तर रोज तेच जेवण वाढत होतात."

"वाढत व्हतो. पण कंच्या चित्राखाली कंचं जेवण, ते न्हाई ध्यानात." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं. "वर माझं गाव व्हतं बाई. खाली काय व्हतं, ते बघायचंय."

मग दर रविवारी दुपारी चारला आण्णा यायचे. चार वाजले असं ते म्हणत नसत. "चहा-सँडविचच्या टायमाला येतो" म्हणत. संध्याकाळचे साडेसात म्हणजे सुपाची वेळ. आमच्या गल्लीतल्या कुणाचं लग्न लांबलं, तर आण्णांच्या तोंडून "पुडिंगपातुर पोचलंच न्हाई" असं येई; पुडिंग म्हणजे जेवणाचा शेवट. ते कार्ड माझ्यासमोर ठेवायचे, मी खालचं वाचायचे, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. कधी पदार्थाचं नाव ऐकून मान हलवायचे, "हां, त्या दिवशी सूप करपलं व्हतं." कधी मी विचारायचे, हे कसं लागतं हो? त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: "मला काय ठावं? मी लई जेवणं वाढली. जेवलो भाकरीच."

त्यांची बायको हौसाबाई मात्र वेगळं सांगायची. "घरात पाण्याचा तांब्या तसाच हातात दिला तर घेत न्हाईत. खाली ताटली पायजे. साहेबांना वाढता वाढता सोताच साहेब झाल्यात." ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालण्याचं काम हौसाबाईचं. कार्डांना कसर लागू नये म्हणून दर वर्षी ती न चुकता पाला बदलायची, आणि दर वर्षी म्हणायची, "कशाला ठिवलीत ही रद्दी?"

तिसऱ्या की चौथ्या रविवारी आण्णांनी कार्डाच्या अगदी तळाशी असलेल्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक कार्डावर ती ओळ होती. मी आजवर ती वाचली नव्हती, कारण त्यांनी विचारली नव्हती.

"आन हे?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराआधीच म्हणाले, "हे माझं नाव हाय. बाईसाबनी पहिल्याच वरसाला सांगितलं व्हतं, किसन, आता खाली तुझं पण टाकायचं. रोज चिठ्ठीवर लिव्हून द्यायच्या. मला वाटायचं, इंग्रजीत माझं नाव लईच लांब हाय."

मी ओळ वाचली. 'स्केच बाय अवर बेअरर.' चित्र, आमच्या वेटरकडून.

मी दुसरं कार्ड पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळीकडे तेच. खोटं सांगणं सोपं होतं. 'हो, तुमचंच नाव आहे' एवढं म्हटलं असतं तर तो रविवार आनंदात गेला असता. पण ज्या माणसाने वाचून दाखवायला म्हणून मला शोधलं, त्याला मीच चुकीचं वाचून दाखवायचं, हे मला जमेना. मी जे होतं ते सांगितलं.

आण्णा कार्डाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बेअरर म्हंजी मीच की."

"हो."

"पण नाव न्हाई."

"नाही."

त्यांनी कार्डं गोळा केली, पंचात बांधली आणि आवाज न करता जिना उतरून गेले. पुढचा रविवार आले नाहीत. त्याच्या पुढचाही नाही. मला वाटलं, आपण एका माणसाच्या तीस वर्षांवर पाणी ओतलं.

तिसऱ्या रविवारी ते चारच्या ठोक्याला दारात हजर. हातात कार्डं नव्हती. एक कोरा कागद होता. "माझं नाव लिव्हून द्या," ते म्हणाले. "ठळक."

मी लिहिलं. ते वाकून पाहत राहिले. "एवढंच?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. मग एकेक अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे कि का, हा स का. तिसरीपर्यंतची शाळा त्या दुपारी पुढे सरकली.

त्या पावसाळ्यात त्यांनी ट्रंकेतल्या प्रत्येक कार्डावर, त्या बारीक ओळीच्या खाली, त्याच वळणाच्या अक्षरात आपलं नाव काढलं. मी त्यांना विचारलं, वरची ओळ खोडली का नाही? ते म्हणाले, "खोडायचं कशाला? बाईसाबनी लिव्हलं ते खोटं न्हवतं. अपुरं व्हतं."

यानंतर काही वर्षं तशीच गेली. मी नारायणगावात रुळले. आण्णांचे रविवार कमी झाले, तरी तुटले नाहीत. कार्डांची कीर्ती हळूहळू पसरली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी घाटाकडे रिसॉर्ट काढणारा एक माणूस मोठ्या गाडीतून त्यांच्या दुकानापुढे उतरला. त्याला सगळी कार्डं हवी होती. काचेच्या फ्रेम करून जेवणाच्या हॉलमध्ये लावायची होती. आण्णांनी त्याला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभे राहिले. मी तिथे पाटीच्या कामासाठी गेले होते.

"कोण बघनार ती?" आण्णांनी विचारलं.

"आमचे गेस्ट. मोठमोठे लोक येतात."

"गेस्टांनी बघितल्यात ती," आण्णा म्हणाले. "जेवायच्या आधी, उभ्या उभ्या. आता ज्यांची हायेत त्यांना बघू दे."

तो माणूस निघून गेला. पण त्याच्याशी बोलताना जे सहज तोंडातून गेलं, ते आण्णांच्या मनात राहिलं असावं. ज्यांची आहेत त्यांना. त्या आठवड्यात त्यांनी ट्रंक उघडली आणि कार्डं वेगळ्या पद्धतीने लावली. घरवार. अवसरीतल्या कोणत्या घरातलं माणूस कोणत्या कार्डावर आहे, त्याप्रमाणे. मग दर आठवड्याला एक-दोन कार्डं पिशवीत घालून ते शेअर जीपने मंचरला, तिथून अवसरीला जाऊ लागले.

पहिल्या फेरीला मी बरोबर होते. दत्तोबा नावाचे एक शेतकरी, आण्णांच्याच वयाचे, गोठ्यापुढे बसले होते. आण्णांनी त्यांच्या हातात कार्ड दिलं. चित्रात दत्तोबांची आई बैलाच्या तोंडापुढे हात धरून उभी होती, आणि बैल तिच्या हातातला गूळ चाटत होता. दत्तोबांकडे आईचा एकही फोटो नव्हता. गावात फोटोवाला यायच्या आधीच ती गेली होती. दत्तोबांनी कार्ड दूर धरलं, जवळ धरलं. मला वाटलं, आता त्यांचे डोळे भरून येतील.

"किसन," ते म्हणाले, "बैल तांबडा न्हवता. बांडा व्हता."

"तांबडा व्हता."

"आरं माझ्या घरचा बैल, मला ठावं न्हाई व्हय? पोटावर पांढरा व्हता."

"त्या पावसाळ्यात तांबडा व्हता. बांडा तुमी नंतर आणला."

अर्धा तास बैलावर वाद झाला. शेजारी गोळा झाले. कुणी तांबड्याच्या बाजूने, कुणी बांड्याच्या. आईबद्दल कुणी काही बोलेना. आम्ही निघालो तेव्हा दत्तोबा कार्ड घेऊन आत गेले. जीप यायला वेळ होता म्हणून आम्ही वळणावर उभे होतो, तर त्यांचा नातू धावत आला, "आजा म्हणतोय, बैल तांबडाच व्हता." बस, एवढाच निरोप. आण्णांनी मान डोलावली. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "आता आईकडं बघितलं त्यानं."

अशी दोनेक वर्षं ती कार्डं घरोघर गेली. कुणी देवघराशेजारी लावलं, कुणी कपाटात ठेवलं. एका घरी ते घेतलं नाही. "आमचा बाप असा फाटक्या सदऱ्यात नव्हता," म्हणून परत दिलं. आण्णांनी निमूट पिशवीत घातलं. नव्या सदऱ्याचं दुसरं काढून द्यावं का, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी विषय बदलला.

एक कार्ड मात्र त्यांनी मला कधी वाचायला दिलं नव्हतं. ते त्यांनी अगदी शेवटी काढलं.

चित्रात विहीर होती. काठावर केस बारीक कापलेली, दहा-बारा वर्षांची मुलगी दोन्ही हातांनी पोहरा कलता करत होती. खाली, जरा दूर, एक बाई गुडघ्यावर बसली होती. तिच्यापुढे घागर. पाण्याची धार हवेत होती.

"ही माझी आय," आण्णा म्हणाले. "आमाला त्या इहिरीला शिवायची मुभा न्हवती. घागरी घेऊन लांब बसायचं. कुणाला वाटलं तर वरून वतायचं. त्या उन्हाळ्यात सकाळपासनं कुणाला वाटलंच न्हाई. मी आयच्या मागं उभा व्हतो. दुपार कलली. मग ही पोर आली. कुणाची, ठावं न्हाई. पोहरा काढला आन वतला. तेवढ्यात लांबून कुणीतरी मोठ्यानं वराडलं, तिचा हात सुटला, पोहरा इहिरीत. आमी घागर उचलून पळालो. पुन्हा ती पोर गावात दिसलीच न्हाई."

"तुम्ही शोधली नाहीत?"

"कुणाला इचारू? छप्पन सालानंतर आमी बौद्ध झालो. आमच्या वस्तीला आमची इहीर झाली. जुनं कोण काढतंय? पण ती कोण, ते कळावं असं वाटतं."

त्यांनी ते कार्ड अवसरीतल्या घराघरांत दाखवायला सुरुवात केली. बरेच जण विहीर ओळखायचे आणि पटकन कार्ड परत द्यायचे. शेवटी एका आजीबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "केस कापल्याली? ही तर अनसू. विषमज्वरानं केस गेलं व्हतं तिचं. हवापालट म्हणून मामाकडं आणून ठिवली व्हती. लोणीला दिलीया. हाय अजून."

आण्णा एकटेच लोणीला गेले. परत आल्यावर माझ्याकडे आले, आणि पहिल्यांदाच मी बसा न म्हणता खुर्चीवर बसले.

"भेटली?"

"भेटली. गळ्यात माळ हाय. नातवंडं हायेत. चहा दिला. घरातल्याच कपातनं दिला." त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. "तिला काय आठवत न्हाई बाई. इहीर न्हाई, आय न्हाई, काय न्हाई. म्हणाली, आजारात व्हते बाबा मी, त्या वरसाचं लई पुसलंय."

पन्नास-साठ वर्षं या माणसाने तो क्षण जपला होता आणि जिच्यामुळे तो घडला तिच्याकडे त्याचा मागमूसही नव्हता. 

"वाईट वाटलं?"

"वाटलं जरा," ते म्हणाले. "पण कार्डाकडं बघून तिनं एक इचारलं. खाली काय लिव्हलंय? मी सांगितलं, हे चित्र काढलं त्या दिवशीचं जेवण. तर म्हणती, मंग मला कधी वाढणार?"

आता ते हसत होते. त्यांनी कार्ड माझ्यापुढे केलं. जेवणातली शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली. ब्लँमांज. आण्णा त्याला ब्लामांज म्हणत. दूध, साखर, कॉर्नफ्लॉवर एकत्र शिजवून साच्यात गार करायचा एक जुना विलायती गोड पदार्थ.

"नशीब बगा," आण्णा म्हणाले. "माळकरी बाई. कस्टर्ड असतं तर अंडी आली असती. ब्लामांजमधी अंडं न्हाई."

आण्णांनी तो पदार्थ हजारदा वाढला होता, पण एकदाही केला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात दोन रविवार प्रयोग झाले. पहिल्यांदा गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा ते इतकं घट्ट झालं, की हौसाबाई म्हणाली, "ह्यानं भिंतीच्या भेगा भरा." तिसऱ्यांदा जमलं. स्टीलच्या वाटीतून ताटलीत उलटं केल्यावर ते पांढरंशुभ्र, थरथरत उभं राहिलं. आण्णा खाली वाकून त्याच्या उंचीवर डोळे आणून पाहत होते. "हलतंय," ते हळूच म्हणाले. "असंच हलायचं."

ती दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मार्च संपत आला होता. आइस्क्रीमवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली, तिच्यात बर्फ, बर्फावर झाकणाचे दोन डबे. नारायणगावहून मंचर, मंचरहून लोणी. जीपमध्ये आण्णांनी पेटी मांडीवर घेतली होती आणि प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी वर उचलत होते. शेजारच्या पावण्याने विचारलं, "काय हाय आत? लस हाय का जनावरांची?" आण्णा म्हणाले, "पुडिंग." पावण्याने पुढे काही विचारलं नाही.

लोणीचं ऊन कोरडं. अनसूयाबाई ओसरीत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, गळ्यात तुळशीची माळ. सुनेने पाणी आणलं. आण्णांनी दोन ताटल्या मागितल्या. सून आधी सासूकडे आणि मग पेटीकडे बघू लागली. "अंडं-बिंडं न्हाई ना त्यात?" तिने विचारलं.

"आक्कांच्या माळेची शपथ. दूध आन साखर," आण्णा म्हणाले.

त्यांनी डबा ताटलीत उपडा केला, दोन क्षण थांबले, आणि उचलला. एका बाजूने जरा खचलं होतं, पण उभं होतं. अनसूयाबाईंनी ताटली हातात घेतली. चमच्याने एक कोपरा तोडला, तोंडात टाकला, आणि डोळे बारीक केले.

"खरवसासारखं हाय," त्या म्हणाल्या. "पर खरवस न्हाई."

"न्हाई."

"ग्वाड हाय." त्या खात राहिल्या. मध्येच चमचा थांबला. "मामानं मला एकदा लई मारलं व्हतं," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही. "अवसरीला. पोहरा इहिरीत पाडला म्हणून. दुसऱ्या दिवशी घरी पाठवून दिलं. मला वाटायचं, पोहऱ्यासाठी एवढं?"

आण्णा उभे होते. त्यांचा हात ओसरीच्या खांबावर गेला.

"पोहऱ्यासाठी न्हाई आक्का," ते म्हणाले. "आमाला पाणी वतलंसा म्हणून."

अनसूयाबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. साठ वर्षं एका मारावर त्यांनी जो अर्थ ठेवला होता, तो काढून दुसरा ठेवायला वेळ लागत असणार. सून दारात थांबली होती. मग त्यांनी विचारलं, "पर पाणी पडलं व्हतं ना घागरीत? का पोहऱ्यासंगं गेलं?"

"पडलं. निम्मी घागर भरली."

"मंग झालं," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि जरा सरकून ओसरीवर जागा केली. "बस की भाऊ. उभा काय राहिलास कवाचा?"

आण्णा बसले.

त्याच जूनमध्ये माझी बदली झाली. आधी परीक्षांच्या, मग सामान बांधायच्या गडबडीत आण्णांकडे जाणं राहून गेलं, आणि पुढच्या थंडीत ते गेल्याचं हौसाबाईने कुणाकडून तरी कळवलं. त्यामुळे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते लोणीलाच. मला शाळेच्या कामासाठी लवकर परतायचं होतं, पण आण्णांना त्या घरच्यांनी जेवायला ठेवून घेतलं. जीप सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं. आण्णा ओसरीवर मांडी घालून बसले होते. वरचं बटण सोडलेलं होतं. एक हात हवेत गोल गोल फिरवत ते सुनेला गुठळी न होता कॉर्नफ्लॉवर कसं कालवायचं ते दाखवत होते. सून हसत होती. आणि अनसूयाबाई शेजारी बसून, त्या दोघांकडे अजिबात लक्ष न देता, दुसरा डबा उघडत होत्या.